सरकामामा समुद्राला जातात

मामांची जीप उभी असली तरी चालत असे. लातूरच्या औसा नाक्यावर त्यांची काळी-पिवळी लागायची. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही हे चढणाऱ्याला माहीत, आणि गप्प उभ्या गाडीत कुणी चढत नाही हे मामांना माहीत. म्हणून मामा इंजिन चालू ठेवत, हातभर पुढे घेत, हातभर मागे घेत आणि खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडत, "औसा औसा औसा, निघाली निघाली!" लांबून येणाऱ्या बाईला वाटे, सुटली गाडी. ती गाठोडं सावरत पळत येई, धापा टाकत चढे, आणि मग बराच वेळ तीही आत बसलेल्या आमच्यासारखीच पुढे-मागे डुलत बसे. कुणी चिडलं तर मामांचं उत्तर तयार असे. "मावशे, चाक फिरून राहिलं का न्हाई? मंग गाडी चालूच हाय की."

नाव त्यांचं वेगळं होतं, पण नाक्यावर सगळे सरकामामा म्हणत. गाडीत पाय ठेवायला जागा नसली, एक जण टपावर आणि दोघे मागच्या फळीवर लोंबकळत असले, तरी रस्त्याच्या कडेला हात करणारं माणूस दिसलं की मामांचा पाय ब्रेकवर जायचाच. मान मागे वळवून ते म्हणत, "सरका जरा, माणूस उभं हाय." आतले लोक शिव्या घालत आणि सरकत. मामा पैशासाठी करतात असं लोकांना वाटे. पुष्कळ वेळा पैशासाठीच करत असतील. पण एकदा मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रस्त्याला उभं ऱ्हायलेलं माणूस लई वाईट दिसतंय बग. त्याच्या तोंडावरून गाडी न्यायची म्हंजे मलाच चोरी केल्यावानी वाटतंय."

घरात मात्र मामा कधी दिसत नसत. दिसले तर उभे. जेवायचे उभ्यानं, भाकरीवर भाजी घेऊन, दारात. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मांडवाबाहेर. आमच्याकडे आले की आई आधण ठेवी आणि म्हणे, "दादा, टेक तरी जरा." मामा म्हणत, "टेकतो की," आणि चहा बशीत ओतून फुंकत फुंकत दारापर्यंत पोचलेले असत. त्यांच्या तोंडी सदा एकच शब्द, "निघतो." आल्या आल्या "निघतो". मामी सगळ्यांना सांगायची, "ह्यांना खुर्ची चावती." मी लहानपणी मामांच्या घरातल्या लाकडी खुर्चीकडे खरंच संशयानं बघत असे.

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन डिग्री घेतलेली मी पहिली. हे मी आडून आडून सांगत नाही, सरळ सांगते, कारण त्यात माझ्याइतकाच मामांचा हात आहे. विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात नंबर लागला तेव्हा आमच्या मुखेडच्या घरात आनंदापेक्षा भीतीच जास्त पसरली. वडील म्हणाले, मला तिथं कुणाशी काय बोलायचं कळायचं नाही, तुझ्या मामाला घेऊन जा. मामा लातूरहून जीप घेऊन आले. ऑफिसात बाकड्यावर ते काही क्षण बसले, उठले, खिडकीतून बघितलं, पुन्हा बसले, आणि "तू कर तुझं, मी हाय भायेर," म्हणून नाहीसे झाले. मी प्रवेश घेऊन बाहेर आले तर फाटकाशी जीप पुढे-मागे डुलत होती. आत चार-पाच मुलांचे आईबाप ट्रंका मांडीवर घेऊन बसलेले. मामांनी नांदेड स्टँडच्या सीटा भरल्या होत्या. मला बघून ओरडले, "ईंजनेर बाई आल्या, सरका!" त्या दिवसापासून मी त्यांची ईंजनेर बाई.

गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. सुट्टीत लातूरला गेले की बाजार नसलेल्या दिवशी ते मला मोकळ्या मैदानात नेत. मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राही. मामा शेजारून ओरडत, "समोर काय बघून राहिलीस? समोर तर सगळेच बघतेत. कडंला बघ, कडंला! माणूस कडंलाच उभं असतंय." मामी म्हणे, पोरीच्या जातीला कशाला. मामा म्हणत, "उद्या साहेब झाली अन् डायवर न्हाई आला तर? रस्त्यावर उभी ऱ्हाईल का?"

मी साहेब झाले, म्हणजे लातूरला सरकारी नोकरीत इंजिनीअर झाले, लग्न झालं, मुलगी झाली. मामांनी काळी-पिवळी विकली आणि एक जुनी सात सीटची गाडी घेतली. ती भाड्यानं द्यायची म्हणून घेतली होती, पण दिवसभर मामाच ती फिरवत. कुणाला दवाखान्यात ने, कुणाला स्टँडवर सोड. आणि मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, आणि फार उशिरा कळलेला. डॉक्टरांनी मला आत बोलावून समजावलं की समोरचं त्यांना नीट दिसतं, पण कडेचं हळूहळू जातंय. नळीतून बघितल्यासारखं होत जाईल. थेंब घालून आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येत नाही. गाडी मात्र आजपासून बंद. बाहेर येऊन मी मामांना हे जसंच्या तसं सांगितलं. मामा ऐकून घेऊन म्हणाले, "डाक्टरला गाडी येती का?" आणि किल्ली खिशातून काढून पार्किंगकडे निघाले.

पुढचे काही महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मामीनं किल्ली ज्वारीच्या कोठीत लपवली, मामांनी दुसरी करून आणली. औशाच्या बाजारात त्यांची गाडी भाजीच्या गाड्याला डाव्या बाजूनं घासली. टोमॅटो रस्ताभर झाले, नशिबानं माणूस वाचलं. मामा घरी येऊन म्हणाले, "गाडा मधी आला." मामीनं माझ्यापुढे पदर तोंडाला लावला. "बाई, एक दिवस कुणाचं तरी लेकरू मधी येईल. तू शिकलेली हायस, तू सांग. माझं ऐकत न्हाईत." मी दोनदा सांगून बघितलं. मामा ऐकायचे आणि म्हणायचे, "हाव, बरोबर हाय तुझं. निघतो." ज्याला खुर्ची चावते त्याची ड्रायव्हरची सीट काढून घेतली तर तो बसणार कुठे, हे मलाही कळत नव्हतं. पण कुणाचं लेकरू मधे येण्याआधी ती काढायला हवी होती, आणि हे काम माझ्यावर येऊन पडलं होतं.

समुद्राला जायचं ते एप्रिलमध्ये ठरलं. माझ्या मुलीची, चिमीची, परीक्षा संपली होती. मामीनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. नांदेड-लातूरवरून जाणारा आपला मोठा रस्ता सरळ रत्नागिरीला समुद्रात जाऊन संपतो, हे कुणीतरी तिला सांगितल्यापासून ती म्हणे, "रस्ता दारातून जातोय अन् आपण औशाच्या फुडं गेलो न्हाई." माझ्या नवऱ्याला रजा नव्हती. म्हणजे मामा, मामी, माझी आई, चिमी आणि मी. मी दुसरी गाडी करू म्हटलं तर मामांनी दोन दिवस जेवणावर राग काढला. शेवटी मामीनं आणि मी मिळून ठरवलं. शहरातून बाहेर पडेपर्यंत आणि गर्दीच्या गावांतून मी चालवायची, मोकळ्या सरळ रस्त्याला थोडं त्यांना द्यायचं, आणि कोल्हापूरच्या पुढे घाट लागायच्या आत गाडी घ्यायची ती परत द्यायची नाही.

ठरलं आमचं होतं. निघायच्या सकाळी बघते तर मामा आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, ड्रायव्हरच्या सीटवर. इंजिन चालू. गाडी दारात पुढे-मागे. "चला चला, निघाली!" शेजारपाजारचे निरोप द्यायला जमलेले. त्यांच्यादेखत मी त्यांना उतरा म्हणाले नाही. त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले.

मग दिवसभर मी त्यांचा डावा डोळा झाले. "मामा, डावीकडून मोटारसायकल." "दिसली." "मामा, बैलगाडी." "दिसली म्हन्लं न्हाव!" दिसलेली नसायची. दोन्ही वेळा स्टिअरिंग माझ्या बोलण्यानंतर हललं होतं. औसा गेलं, तुळजापूर गेलं, सोलापूर आलं. माझी मान आखडली. मी मधूनच म्हणे, "मामा, द्या आता थोडा वेळ." ते म्हणत, "ते झाड येऊ दे." झाड मागे जाई. "तेवढी चढण चढू दे." मागे आई आणि मामी एकमेकींचा हात धरून बसलेल्या. फक्त चिमी खुश होती, कारण गाडी कुठे फार वेळ थांबत नव्हती. गावाची पाटी आली, पाणी प्या, चला. शेंगदाणे घ्या, चला.

सांगोल्याच्या अलीकडे टपरीवर चहा घेतला. तिथं एक नवरा-बायको डाळिंबाची टोपली घेऊन उभे होते. त्यांनी मिरजेकडची गाडी किती वाजता येते एवढंच विचारलं. मामांनी मागचं दार उघडलं. "सरका जरा."

"आवं," मामी भडकली, "आपण समुद्र बघाय निघालोय का सीटा भराय?"

"समुद्र काय पळून चाल्लाय का? सरक."

टोपली आईच्या मांडीवर आली. ते दोघं पार मिरजेपर्यंत आले. उतरताना बाईनं चिमीच्या ओटीत डाळिंबं घातली आणि आईला विचारलं, "तुमचे पाव्हणे नेहमी ह्या रूटला असतात का?" आई हसून हसून रडायला आली. त्या दिवसात तेवढंच एकदा आम्ही हसलो.

रात्री कोल्हापुरात मुक्काम केला. मामा खोलीत येरझारा घालत राहिले. मामी म्हणाली, आता सकाळी तू काय ते कर, मी घाटात बसायची न्हाई ह्यांच्यासंगं. सकाळी मी लवकर उठून खाली गेले तरी मामा सीटवरच. मी दार धरून उभी राहिले. "मामा, आज मी."

"घाट सुरू झाल्यावर घे."

"आत्ताच द्या."

"ईंजनेर बाई," मामा समोर बघत म्हणाले, "मलकापूरपतूर जाऊ दे मला. मंग घे."

मी बसले. बसले, कारण त्यांनी पहिल्यांदा गावाचं नाव घेऊन मुदत घातली होती. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ऊस. मी काही बोलत नव्हते, नुसती डावीकडे बघत होते. एका फाट्यावर एक म्हातारी दिसली. पायाशी गाठोडं, हात वर केलेला. मी सवयीनं तोंड उघडलं आणि थांबले. इथं सांगायची काय गरज? मोटारसायकल दिसत नसेल, पण हात केलेलं माणूस मामांना दिसत नाही असं आजवर झालं नव्हतं. मी वाट बघितली त्यांचा पाय ब्रेकवर जायची.

गाडी तिच्या तोंडावरून निघून गेली.

मामीनंही तिला बघितलं होतं, आईनंही. चिमी खिडकीतून मागे बघत म्हणाली, "मामाआजोबा, ती आजी हात करत होती ना. तुम्ही थांबला नाहीत."

मामांनी मान तिच्याकडे वळवली नाही. गाडी थोडी पुढे गेली, मग हळू झाली, मग कडेला लागली. आणि मामांनी इंजिन बंद केलं. मला आठवतं तेव्हापासून त्यांनी रस्त्यावर इंजिन बंद केलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदम फार शांत झालं. त्यांनी विचारलं, "कुठं व्हती?"

"डाव्या हाताला," मी म्हटलं. "फाट्यावर."

ते उतरले आणि मागे चालू लागले. मी उतरायला लागले तर मामीनं खांदा दाबला. आम्ही काचेतून बघत होतो. मामा म्हातारीजवळ पोचले, काहीतरी बोलले, तिचं गाठोडं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिला घेऊन परत आले. तिला मागे बसवलं. "सरका जरा," म्हणाले, पण बारीक आवाजात. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेले नाहीत. माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"उतर. पलीकडं बस."

"मामा..."

"तिकडनं ऊन येऊन राहिलं मला," मामा म्हणाले. आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो आणि सकाळचं ऊन पाठीमागे होतं. मी पलीकडे जाऊन बसले.

आंबा घाट मी उतरले. वळणं होती, झाडी होती, खाली दरी होती, पण मला त्यातलं फार आठवत नाही. आठवतात ते शेजारचे मामा. त्यांचे पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होते, डावा हात मांडीवर गिअर टाकत होता. "दुसरा टाक. दुसरा! हारन दे. अगं वळनाला हारन दे!" शेवटी मागून ती म्हातारी म्हणाली, "पोरगी ब्येस चालवतीया की. तुमी गप बसा जरा, दादा." मामी इतकी मोठ्यानं हसली की मामाही हसले. म्हातारी साखरप्याला लेकीच्या दारात उतरली. लेक बाहेर येऊन आम्हाला पाणी देत होती आणि मामा नेहमीसारखे म्हणत होते, "निघतो, निघतो."

समुद्र आला तेव्हा दुपार कलली होती. मामी साडी पोटऱ्यांपर्यंत धरून पाण्यात उभी राहिली ती उभीच. चिमी तिच्याभोवती नाचत होती. आई वाळूत बसून डाळिंब सोलत होती. मामा म्हणाले, "बघितला? चला मंग." कुणी हललं नाही. मग ते किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले, पुन्हा गेले आणि परत आले. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याबरोबर चालले. बराच वेळ आम्ही चाललो.

"सकाळी ती म्हातारी," मामा म्हणाले. "तू बघितली व्हतीस?"

"हो."

"अन् बोलली न्हाईस."

"मला वाटलं, तुम्हाला दिसली असेल."

त्यांनी मान हलवली. मग थांबून पाण्याकडे तोंड केलं. "हितं बरं हाय बग. कडंला कुणी उभंच न्हाई."

आम्ही दोन दिवस राहिलो. मामांनी एकदाही किल्ली मागितली नाही, आणि मीही ती कुठे ठेवलीय हे लपवलं नाही. परतीच्या दिवशी ते पुढे बसलेच नाहीत. मागे आई आणि मामी यांच्या मधे जाऊन बसले, गुडघे पोटाशी घेऊन. मी म्हटलं, मामा, पुढे ऐसपैस बसा. "न्हाई, हितंच बरं," ते म्हणाले. घाट चढेपर्यंत सूचना येत होत्या. मिरजेपर्यंत मधून मधून. सांगोल्यानंतर मागून आवाजच येईना. आरशात बघितलं तर मामांची मान मामीच्या खांद्यावर पडली होती. तोंड उघडं. मामी दगडासारखी ताठ बसलेली, जरा हलली तर जाग येईल म्हणून. आईनं मला आरशातूनच ओठांवर बोट ठेवून दाखवलं. आई त्यांची पाठची बहीण. नंतर ती मला म्हणाली, दादाला दिवसा झोपलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मामा या माघात गेले. मधली तीन वर्षं त्यांना हळूहळू समोरचंही कमी दिसत गेलं, पण गाडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. दर रविवारी मी त्यांना फिरवून आणत असे. लोक भेटायला आले तेव्हा जो तो त्यांच्या धावपळीचं सांगत होता, आणि तसे ते होतेच. मी ऐकत होते. मला मात्र त्या परतीच्या संध्याकाळचे मामा आठवत होते.

आम्ही लातुरात शिरलो तेव्हा दिवे लागत होते. मामांच्या गल्लीच्या तोंडाशी मी गाडी हळू केली. मागून मामी कुजबुजली, "थांबू नको."

"मामी, घर आलं."

"कळतंय मला. थांबलीस की उठतेल अन् निघतो म्हणतेल. जा तशीच फुडं."

मी गल्ली सोडली आणि गाडी रिंग रोडला घातली. चिमीनं विचारलं, "आपण कुठं चाललो?" आई म्हणाली, "कुठंच न्हाई. गप बस." शहराला एक पूर्ण वळसा घालून मी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आले. आरशात बघितलं. मामीनं मान हलवली, अजून नको. मी दुसरा वळसा घेतला.